बसला म्हणजे जुळला का?

गाडीचं खालचं मॉडेल घ्यायचं आणि वाचलेल्या पैशांतून स्टिरिओ बाहेरून बसवायचा, हा ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या मध्यमवर्गाचा जुना हिशेब आहे. कंपनीचा स्टिरिओ बिघडला तरी पावलं अ‍ॅक्सेसरीच्या दुकानाकडेच वळतात. तिथे चर्चा होते ती स्क्रीन किती इंची आणि कॅमेरा फुकट मिळेल का, याची. गाडीची वायरिंग आणि नवा स्टिरिओ यांच्यामध्ये जो तुकडा लागतो, ज्याला बाजारात ‘कपलर’ म्हणतात, तो मात्र दुकानदार देईल तो. या संवादातले दोघे त्याच तुकड्यावर अडले आहेत. मामा डोंबिवली पूर्वेचे, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात विद्युत देखभालीची नोकरी करून निवृत्त झालेले. भाची ठाण्याला घोडबंदर रोडवर राहणारी, सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करणारी. गाडी तिची : चाकणला तयार झालेली, एमएच ०४ पासिंगची, सेकंडहँड घेतलेली फोक्सवॅगन पोलो. अँड्रॉइड स्टिरिओ आणून झाला आहे, कपलर ठरायचा आहे.

मामा : कपलर हवाच कशाला? स्टिरिओतून वायरी आल्यात, गाडीतून वायरी आल्यात. टेस्ट लॅम्प लावायचा, कोणती काय ते ओळखायचं, कापायचं, पीळ द्यायचा, वर टेप गुंडाळायची. माझ्या वॅगनआरला असंच केलंय. एक दिवस कुरकुर नाही.

भाची : कुरकुर नाही, कारण काम तुझ्या हातचं आहे. तेच काम दुकानातला मुलगा पुढचं गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना उरकतो. आणि मामा, कंपनीचं सॉकेट एकदा कापलं की कापलंच. उद्या जुना स्टिरिओ परत लावायचा झाला किंवा गाडी विकायची झाली, तर त्या गुंत्यातली एकेक वायर पुन्हा हुडकायची. कपलर मध्ये असला की सगळे जोड कपलरच्या शेपटीवर होतात. काही चुकलं तर तो तुकडा फेकायचा, गाडीची मूळ वायर शाबूत.

मामा : जोड नीट दिला तर चुकेल कशाला?

भाची : मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डला हात लावून बघ. त्या तापात काळ्या टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते. मागोमाग चार महिने पाऊस, त्यात शेजारी खाडी. उघड्या पिळावर हिरवट थर चढतो, जोड तापायला लागतो.

मामा : म्हणून तर टेपच्या भरवशावर राहू नये. थिंबल दाबावं, नाहीतर सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह चढवावी. एवढं मलाही कळतं. पण त्यासाठी कपलर लागत नाही.

भाची : बरं, जोड पक्का झाला असं धरू. वॉरंटीचं काय? माझी गाडी वॉरंटीबाहेर आहे, पण नवी गाडी घेणाऱ्याला शोरूममध्ये पहिलं वाक्य ऐकवतात : बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली.

मामा : आणि लोक घाबरून तिथलाच महागडा स्टिरिओ घेतात.

भाची : घाबरायचं कारण कमी झालंय. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. मूळ तंटा सुट्या भागांचा आणि बाहेरच्या गॅरेजांचा. त्याच आदेशात म्हटलंय की गाडीचं काम बाहेर करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. पुढे दंडावर अपिलं झाली, पण विचाराची दिशा सरळ आहे.

मामा : आदेश चांगला आहे. पण सर्व्हिस सेंटरवाल्याला कापलेली वायर दिसली की ‘हे तुमच्याच कामामुळे’ म्हणायला त्याला आयतं निमित्त मिळतं. मग तू आदेश दाखव नाहीतर आरती ओवाळ.

भाची : हेच म्हणतेय मी! मूळ वायर अखंड असली तर तो बोट कशावर ठेवणार? आणि विमा कंपनीला स्टिरिओ वेगळा कळवायचा. कंपनीने न बसवलेलं इलेक्ट्रिकल सामान पॉलिसीत वेगळं नोंदवावं लागतं. जुन्या मोटर टॅरिफच्या २४ क्रमांकाच्या कलमात त्यासाठी किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता होता. नोंदच नसेल तर चोरी झाल्यावर भरपाई कशाची मागणार?

मामा : ठीक. मूळ वायर कापायची नाही, हे मान्य. आता माझं ऐक. तू कपलर निवडणार कसा? ऑनलाइन ‘फोक्सवॅगनसाठी’ लिहिलेला, फोटोत सॉकेट सारखं दिसतंय म्हणून मागवणार. घरी आला, खट्कन बसला, तू खूश. पण कुलपात किल्ली शिरली म्हणजे ती फिरेलच असं थोडंच आहे? सॉकेट बसलं यावरून प्लॅस्टिकचं माप कळतं. आतल्या कोणत्या पिनेवर काय येतंय, ते त्यावरून कळत नाही.

भाची : त्यासाठीच प्रमाणं असतात ना? आयएसओ १०४८७. आठ पिनांचे दोन ठोकळे. एकात करंट, दुसऱ्यात चार स्पीकर. पहिल्या ठोकळ्यात चौथ्या पिनेवर बॅटरीचा कायमचा करंट, सातव्यावर किल्ली फिरवल्यावर येणारा, आठव्यावर अर्थ.

मामा : पाठ चांगलं केलंस. आणि नेमक्या तुझ्याच फोक्सवॅगनने कितीतरी जुन्या गाड्यांत चौथी आणि सातवी अदलाबदल करून ठेवली होती. सॉकेट तेच, प्रमाण तेच, पिना उलट. अशा गाडीत साधा कपलर लावला की स्टिरिओ वाजतो झकास, पण किल्ली काढली की घड्याळ शून्यावर, लावलेली स्टेशनं पुसलेली. माणूस स्टिरिओ बदलून मागायला दुकानात जातो.

भाची : चांगल्या कपलरमध्ये म्हणूनच लाल आणि पिवळ्या वायरीच्या मध्ये गोल प्लगचा जोड दिलेला असतो. उपसायचा आणि आडवा लावायचा, झालं काम.

मामा : असतो. पण तो कशासाठी दिलाय हे ठाऊक असलेल्यालाच त्याचा उपयोग. स्टिरिओची पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, त्यावर आठवण टिकते आणि मुख्य भारही तिच्यावरच. लाल म्हणजे ‘ऊठ’ असा इशारा. निळी अँटेनाला किंवा अ‍ॅम्प्लिफायरला जाते, केशरी दिव्यांची, काळी अर्थ. पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी हे चार स्पीकर, आणि काळी रेघ असलेली त्यांची जोडीदार वजा. ही झाली स्टिरिओची बाजू. गाडीची बाजू हे रंग पाळेल, असं कोणी लिहून दिलेलं नाही.

भाची : लाल-पिवळीचा घोळ झाला तर होऊन होऊन काय होईल? घड्याळ पुन्हा लावू.

मामा : घड्याळावर सुटलीस तर नशीब. दुकानात याहून वाईट पळवाट चालते. किल्लीचा करंट सापडला नाही की लाल आणि पिवळी एकत्र पिळून दोन्ही कायमच्या करंटला देतात. स्टिरिओ लगेच चालू, गिऱ्हाईक खूश. आता तो झोपणार कधी? आणि आपल्याकडे गाडी चालते कधी? सोमवार ते शुक्रवार माणूस लोकलने जातो, गाडी सोसायटीच्या स्टिल्टखाली धूळ खाते. रविवारी शीळफाट्याच्या कोंडीत जाऊन येते तेवढंच. रोज पन्नास किलोमीटर पळणाऱ्या गाडीत अशी गळती महिनोन्‌महिने झाकली जाते. आपल्या रविवारच्या गाडीत ती आठवड्याच्या आत बाहेर पडते.

भाची : थांब, हिशेब करून बघू. बॅटरी ४४ अँपिअर-तासांची धरू. सगळं नीट झोपलं असताना गाडी ०.०३ अँपिअर खाते असं धरलं, तर भरलेली बॅटरी रिकामी व्हायला कागदावर दोन महिने. स्टिरिओ अर्धवट जागा राहून अर्धा अँपिअर खात बसला, तर ८८ तास.

मामा : आणि बॅटरी पार रिकामी होईपर्यंत स्टार्टर थोडाच वाट बघतो? निम्म्यावर आली की कण्हायला लागतो. रविवारी रात्री लावलेली गाडी बुधवारी सकाळी टक्‌टक्‌ करते. दोष जातो बॅटरीवाल्याच्या माथी.

भाची : म्हणजे आपल्या भागात कपलर निवडताना आवाजाइतकंच ‘झोपतो का’ हे महत्त्वाचं. हे माझ्या यादीत नव्हतं. पण मामा, आता तुझी बाजूही तपासू. माझ्या पोलोचं सॉकेट काढून ठेवलंय. सांग बघू, यातली अर्थ कोणती?

मामा : ती काळी असणार. नाही... इथे तर तपकिरी जाडी दिसतेय.

भाची : तपकिरीच. जर्मन रीतीत अर्थ तपकिरी. त्यांच्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे किल्लीनंतरचा करंट. तू सवयीने काळ्या वायरीला स्टिरिओची काळी जोडली असतीस, तर?

मामा : जोडण्याआधी मी लॅम्प लावून बघतो.

भाची : तोही इथे सांभाळून. हे सॉकेट बघ, दांडीच्या खटक्याचं मोठं चौकोनी, याला क्वाडलॉक म्हणतात. जुने दोन आयएसओ ठोकळे यात नाहीत. या पिढीच्या फोक्सवॅगन-स्कोडामध्ये बऱ्याचदा किल्लीच्या करंटची वेगळी वायरच स्टिरिओपर्यंत येत नाही. किल्ली फिरली ही बातमी एकमेकींभोवती पिळलेल्या दोन बारीक वायरींवर संदेश म्हणून येते. तिला कॅन बस म्हणतात. त्या वायरींवर बल्बचा टेस्ट लॅम्प टेकवलास तर त्याला लागणारा करंट तिथून ओढला जाईल आणि संदेशच बिघडतील. इथे मल्टीमीटर हवा, आणि कॅनच्या वायरी तर मीटरने बघूनही काही उमगणार नाही.

मामा : मग लाल वायर द्यायची कुठे?

भाची : म्हणून डबी असलेला कपलर. डबी संदेश वाचते आणि लाल वायरीला बारा व्होल्ट देते. बरोबरीने रिव्हर्सचा, दिव्यांचा इशारा आणि स्टिअरिंगवरच्या बटणांचे हुकूमही पोचवते. साध्या गाड्यांत ती बटणं म्हणजे वेगवेगळ्या किमतीचे रेझिस्टर असतात, स्टिरिओच्या ‘की’ वायरीला जोडून एकेक बटण शिकवता येतं. माझ्या गाडीत डबी लागणार, असा माझा अंदाज आहे.

मामा : अंदाज. बरोबर तिथेच माझं बोट. तुझ्या गाडीच्या मॉडेलचा अंदाज बांधून तू डबी मागवणार. पण ही गाडी सेकंडहँड आहे. आधीच्या मालकाने आत काय करून ठेवलंय, ते कंपनीच्या नकाशात येत नाही. खालच्या मॉडेलात मागच्या दारांना स्पीकरची वायर ओढलीच नसेल, तर कपलरवर हिरवी-जांभळी असून काय फायदा? एकाच नावाच्या गाडीत वर्ष बदललं की सॉकेट बदलतं. आधी मीटर, मग खरेदी.

भाची : मान्य. काय काय मोजायचं?

मामा : सुरुवात मोजण्याआधी. डॅशबोर्डखाली पिवळ्या वेष्टनाची किंवा पिवळ्या सॉकेटची वायर दिसली की हात मागे. ती एअरबॅगची. स्टिरिओची पिवळी वेगळी, ही वेगळी. जोडकाम करताना बॅटरीची वजा बाजू आधी काढायची, आणि त्याआधी जुना स्टिरिओ कोड मागणारा आहे का ते बघून घ्यायचं. मोजताना मात्र बॅटरी लागलेली हवी. मीटरचं एक टोक अर्थला. किल्ली काढून कोणत्या पिनेवर बारा व्होल्ट येतात, किल्ली फिरवून कोणत्या पिनेवर नवे येतात, दिवे लावल्यावर कोणती पिन जागी होते. वायरीला टाचणी टोचायची नाही, त्या भोकातून ओल शिरते. सॉकेटच्या मागच्या बाजूने टेकवायचं.

भाची : आणि किल्ली फिरवून नवं काहीच आलं नाही, तर डबीचा कपलर. आलं, तर साधा. निर्णय तिथेच होतो.

मामा : आता स्पीकर. पद्मिनीच्या काळात एका स्पीकरचा रेडिओ, एक वायर रेडिओला, दुसरी बॉडीला. आपल्या शीळ रोडच्या प्रीमियरच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ बनायला लागली, तोवर जमाना बदलला होता. आता स्टिरिओ स्पीकरच्या दोन्ही वायरी स्वतः हाकतो, दोन्हींवर साधारण सहा-सहा व्होल्ट असतात. त्यातली वजा बॉडीला टेकवली की स्टिरिओ गप्प तरी बसतो, नाहीतर जळतो. मेकॅनिक ‘वजा-वजा सगळी एकच’ म्हणाला तर त्याला तिथेच थांबव.

भाची : जोड्या ओळखायच्या कशा?

मामा : दीड व्होल्टचा पेन्सिल सेल. गाडीकडच्या दोन वायरींना क्षणभर टेकवायचा. ज्या दारात ‘टुक्‌’ वाजेल तो स्पीकर. पडदा बाहेर आला तर सेलची अधिक बाजू जिथे आहे ती अधिक. एक स्पीकर जरी उलटा लागला तरी खालचा आवाज पोकळ होतो आणि लोक स्पीकर बदलत बसतात. कंपनीचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर मात्र सेल लावायचा नाही.

भाची : अँटेना राहिलाच. तू नेहमी म्हणतोस, मुंब्रा ओलांडलं की आकाशवाणीचं १०७.१ खरखरतं, कारण पारसिकचा डोंगर.

मामा : डोंगर आहेच मध्ये.

भाची : डोंगर सगळ्यांनाच आहे. पण पोलोसारख्या गाडीत छतावरच्या छोट्या अँटेनात एक बारीक अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला करंट अँटेनाच्याच केबलमधून वर जातो. बाहेरचा स्टिरिओ केबलमधून तो करंट देत नाही. त्यामुळे अँटेनाचाही वेगळा जोड लागतो, करंट आत सोडणारा, त्याची वायर स्टिरिओच्या निळीला लावायची. तो नसेल तर ठाण्यातच रेडिओ खरखरेल. कपलर घेताना लोक हा विसरतात आणि डोंगराला नावं ठेवतात.

मामा : हे मला नवीन. बरं, माल बघायचा कसा? स्वस्तातल्या वायरी केसासारख्या बारीक असतात. आणि स्टिरिओच्या खोक्यावर लिहिलंय चार गुणिले पन्नास वॉट.

भाची : चार पन्नास म्हणजे दोनशे. १४.४ व्होल्टला ते १४ अँपिअर होतात, तेही वाटेतली गळती सोडून. पण स्टिरिओच्या पाठीवर फ्यूज बघ, दहाचा आहे. खोक्यावरचा आकडा क्षणभराच्या कमालीचा, सलग ताकद दर स्पीकरला वीसेक वॉट. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण ०.०३५ ओहम. कपलर एक फूट लांब, त्यात दहा अँपिअरला गेले ०.१ व्होल्ट. तेवढं चालतं.

मामा : तांबं असेल तर चालतं. तार खरवडून आत चंदेरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. दाबलेल्या पिनेशी ती मोडते. खरं दुखणं लांबीत नसतं, पिनेत असतं. प्रत्येक वायर हलक्या हाताने ओढून बघ. पिन सॉकेटमध्ये मागे सरकली की तो कपलर परत. आणि फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज कोणी घालत असेल तर गाडी तिथून काढ. मोठा फ्यूज वायर वाचवत नाही, वायरच फ्यूज होते.

भाची : म्हणजे क्रम असा. सॉकेट काढायचं, मोजायचं, काय मिळालं ते पिनेच्या आकड्यासह कागदावर लिहायचं. मग कपलर : गाडीकडचं टोक त्या कागदाशी जुळणारं, स्टिरिओकडचं टोक माझ्या स्टिरिओशी. डबी असेल तर ती दोघांचीही भाषा बोलणारी हवी, कारण प्रत्येक अँड्रॉइड स्टिरिओ प्रत्येक डबीला ओळखत नाही. सगळे जोड कपलरच्या बाजूला. शेवटी झोपेची परीक्षा.

मामा : ती मी घेणार. बॅटरीच्या वजा बाजूत मीटर अँपिअरवर लावायचा, दारं बंद, अर्धा तास वाट. डबी सुमार असली तर ती स्वतः झोपत नाही आणि गाडीलाही झोपू देत नाही, तेव्हाच कळतं. मीटर मध्ये असताना स्टार्टर मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज गेलाच. आकडा शंभरेक मिलिअँपिअरच्या वर अडकून राहिला तर कपलर परत करायचा, कितीही छान वाजत असला तरी.

भाची : आता खरेदी. ऑनलाइन स्वस्त पडेल, परतही घेतात.

मामा : इथे आपलं पटणार नाही. लॅमिंग्टन रोडला जा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जा, नौपाड्यातल्या नाहीतर मानपाडा रोडवरच्या दुकानात जा, पण समोर माणूस असू दे.

भाची : समोरचा माणूसही चुकीचा कपलर देतो, तेही ठामपणे. ऑनलाइनवाला निदान पिनांचा नकाशा छापतो. माझ्या कागदाशी तो नकाशा मी घरी बसून ताडून बघू शकते.

मामा : छापतो, पण तुझ्या गाडीचं वर्ष विचारत नाही. दुकानात गेलीस तर एवढंच बघ : कपलर पुढे करण्याआधी तो गाडीचं वर्ष, कुठलं मॉडेल आणि मागे कोणतं सॉकेट आहे, हे विचारतो का. न विचारता ‘बसेल ताई, सगळ्यांना बसतो’ म्हणाला, तर उठून ये.

भाची : आणि तिन्ही विचारलं तर?

मामा : तर मग पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नकोस.